ब्रँड विलीन झाले, आता लेबल प्रिंटर कुठला घ्यायचा? माझं मत : मालकाचं नाव बघू नका

चाकणकर
आमच्या स्टोअरमध्ये डेटामॅक्सचे आय-क्लास प्रिंटर वर्षानुवर्षं राबले. आता बदलायची वेळ आलीये. हनीवेलने २०१३ मध्ये इंटरमेक घेतली आणि २०१५ मध्ये डेटामॅक्स-ओनील. त्यामुळे विक्रेत्याचं पालुपद एकच : "साहेब, घर तेच, फक्त पाटी बदलली. हनीवेलच्याच पीएम मालिकेतला प्रिंटर घ्या, डोळे मिटून."

मला नाही पटत. पीएम मालिकेचा वंश इंटरमेकचा. आडनाव एक झालं म्हणून कुणी सख्खा भाऊ होत नाही. छापणारं हेड वेगळं, रोलर वेगळा. जुन्या प्रिंटरचे जपून ठेवलेले सुटे भाग त्यात बसायचे नाहीत. मग त्याच दारात का बसायचं? टीएससी, झेब्रा, साटो सगळे बघावेत. आपलं सॉफ्टवेअर प्रिंटरला कुठल्या भाषेत हुकूम पाठवतं आणि भोसरीत हेड कुणाकडे हातोहात मिळतं, माझ्या लेखी एवढेच दोन प्रश्न.

सातपूर_डिस्पॅच
साफ असहमत. भाषा बघा म्हणता, मग तुमची भाषा कुठली? डीपीएल, म्हणजे डेटामॅक्सचीच ना? ती सांभाळण्याची गरज कुणाला? जिने ती विकत घेतली तिलाच.

झेब्राने १९९८ मध्ये एल्ट्रॉन घेतली. एल्ट्रॉनची भाषा ईपीएल, झेब्राची झेडपीएल. झेब्राच्या आजच्या झेडडी४२१ मध्येसुद्धा दोन्ही चालतात. इतक्या वर्षांनी! विलीनीकरण म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडणं, असं उगाच धरून चालू नका.

चाकणकर
मुद्दा मान्य, पण तो झेब्राचा गुण झाला. प्रत्येक खरेदीदार कंपनी तशीच वागेल याची हमी कोण देणार? आणि टीएससीसुद्धा झेडपीएल, ईपीएल, डीपीएल समजतो असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं.

कोडवाली
"समजतो" या शब्दावर जाऊ नका हो. मी दिवसभर हेच करते.

झेडपीएलमध्ये जागा ठिपक्यांत मोजतात, लेबलाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. डीपीएलमध्ये इंचाच्या शंभराव्या किंवा मिलिमीटरच्या दहाव्या भागात, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. दुसऱ्या ब्रँडच्या भाषेची नक्कल करणारा प्रिंटर हे गणित करतो, साधं लेबल बरोबर येतंही. घोळ होतो तो प्रिंटरच्या मेमरीत साठवलेल्या फाँट आणि लोगोंचा. आमच्याकडे एका नक्कल-प्रिंटरवर पार्ट नंबर तीन मिलिमीटर वर सरकला आणि बारकोडच्या टाचेवर चढला. डोळ्यांना किरकोळ, स्कॅनरला अजिबात नाही. ग्राहकाने अख्खा लॉट परत पाठवला.

आणखी एक. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) जागी "जास्त चांगला" म्हणून ३०० चा घेतलात आणि हुकूम ठिपक्यांत असतील, तर लेबल दोन-तृतीयांश होऊन कोपऱ्यात बसतं. खरेदी विभाग हा उद्योग हमखास करतो.

रिबनमास्तर
कोडवालीताई, भाषेचं ठीक, पण रोजचा खर्च कशात जातो? रिबन, म्हणजे शाईची फीत, आणि हेड.

बहुतेक झेब्रांना शाई बाहेरच्या बाजूला असलेली रिबन लागते, साटोच्या बऱ्याच प्रिंटरना आतल्या बाजूची. प्रिंटर बदलला की कपाटातला रिबनचा साठा भंगारात. शाई कुठल्या बाजूला आहे कळत नसेल तर चिकटपट्टी लावून ओढा, शाई निघाली ती बाजू.

हेडचं म्हणाल तर चार इंची २०३ च्या हेडवर तापून छापणारे ८३२ ठिपके असतात. त्यातला एक जळला तरी लेबल निघतं त्या दिशेत पांढरी रेघ उमटते. बारकोडच्या रेघाही त्याच दिशेत असतील तर एखादी रेघ बारीक होते किंवा गायबच होते आणि स्कॅनर हात वर करतो. बारकोड आडवा फिरवून छापला तर तीच पांढरी रेघ सगळ्या रेघांना कापत जाते आणि स्कॅन होऊन जातं. त्यामुळे हेड महाग असलेला प्रिंटर घ्यायचाच असेल तर आधी लेबलाची दिशा तपासा. कंपनीचं नाव नंतर.

बिनधास्त_बाबू
२०२० च्या दशकात प्रिंटरला थेट हुकूम कोण पाठवतं राव? विंडोजचा ड्रायव्हर टाका, लेबल चित्र म्हणून जाऊ द्या. कुठलाही ब्रँड चालेल. मराठी मजकूर छापायचा तर तसंही हेच करावं लागतं, प्रिंटरच्या पोटात देवनागरी फाँट सहसा नसतोच.

चाकणकर
बाबू, आमचा प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या भाषेतला आहे. लिहिणारा कॅनडात. हुकूम थेट पोर्टवर जातात आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

सातपूर_डिस्पॅच
मग तर तुम्हीच माझी बाजू मांडलीत! जिथे कोडला हात लावता येत नाही तिथे मूळ भाषेच्या मालकाकडेच जायचं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पीएम काय, टीएससी काय, डीपीएलची नक्कल दोघांचीही, पण डीपीएलमध्ये काही बिनसलं तर जाब विचारायला हनीवेल आहे. टीएससीवाला म्हणेल, तुमचीच फाइल चुकीची.

कोडवाली
जाब विचारून लेबल सरकत नाही, सातपूरकर. चाकणकर, पोर्टवर जाणारा मजकूर फाइलमध्ये पकडा आणि सर्वांत किचकट लेबलाची फाइल दोन्ही विक्रेत्यांना द्या. छापून आलेलं लेबल जुन्या लेबलावर ठेवून उजेडासमोर धरा. लोगो असलेलंच लेबल द्या, रिकामं नको.

चाकणकर
फाइल काढतो. हनीवेलवाला डेमोला तयार आहे, टीएससीवाला म्हणतोय "आधी ऑर्डर द्या". माझं मत अजून तेच आहे, पण हा टीएससीवाला ते टिकू देईल असं दिसत नाही.