अनुभव धागा: झोपेची गोळी आणि वॉर्डातली रात्र

मागच्या महिन्यात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून वॉर्डात अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम दिली. पहाटे ४ ला बाबा सलाईन ओढून उठले. "सरका, सरका, ठाणं आलं, दारात यायचंय!" ३५ वर्षं लोकल केलेला माणूस. आधी हसू आलं, मग रडू. डॉक्टर म्हणाले, डिलिरियम, म्हणजे अचानक झालेला भ्रम. ही गोळी अंगातून निम्मी उतरायलाच ३०-४० तास लागतात. बंद केल्यावर चौथ्या दिवशी बाबा माणसांत आले. तुमच्याकडे झोपेची गोळी कशी सुटली, लिहा.
– नौपाडा

नेरुळला नर्स आहे, नाईट करते. खरं सांगू? पुष्कळदा गोळी पेशंटला नाही, वॉर्डाला हवी असते. आम्हीच रात्री २ ला दिवा लावून बीपी घेणार आणि आजोबा झोपत नाहीत म्हणून आम्हीच डॉक्टरांना फोन करणार! आता ज्यांची तब्येत स्थिर त्यांचं मधल्या रात्रीचं बीपी घेणं डॉक्टरांना विचारून बंद केलंय, लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी. दिवसा खिडकीशी खुर्चीत बसवतो. एका आजींचं कानाचं मशीन घरच्यांनी 'हरवेल' म्हणून परत नेलेलं. दोन रात्री त्या ओरडत होत्या. मशीन आलं, ओरडणं थांबलं.

डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे. आमच्या मामांना एवढंच पुरलं.
– कोपरी

आईच्या डिस्चार्ज कार्डावर अल्प्राझोलाम 'रात्री १' होती. किती दिवस, ते नव्हतं. सहा वर्षं चालली. शेड्यूल एच१ ची गोळी, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, पण कोपऱ्यावरचा केमिस्ट "आजींची नेहमीची ना?" म्हणत पट्टी काढायचा. मी शहाणपणा करून एकदम बंद केली. घाम, थरथर, तीन रात्री जागरण. अशाने फिटसुद्धा येऊ शकते, हे नंतर कळलं. मग डॉक्टरांनी थोडी थोडी करत पाच महिन्यांत उतरवली. शेवटची पाव गोळी सगळ्यात चिवट. आईने ती रुमालाच्या गाठीत ठेवलीय. "असू दे रे."
– ऐरोली

वय ७८, वाशी. माझी झोल्पिडेम सुटलेली नाही. रात्री बाथरूमला जाताना दोनदा तोल गेला, तेव्हापासून निम्मी केलीय. फक्त दुपारची झोप सोडा म्हणू नका.

काका, दुपारी किती वेळ झोपता?
– नौपाडा

दोन तास. कधी अडीच.