डिकॅट, ड्युटीवरचा अपघात आणि दिव्यांग मुलाची आई: रेल्वेत कागद नेमके कुठले करायचे?

यार्डवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या भागात एकाच वेळी तीन प्रकरणं आली आहेत आणि तिन्हींत ऐकीव माहितीवर कागद पुढे सरकू लागलेत. जाणकारांनी नीट सांगावं.

पहिलं प्रकरण असिस्टंट लोको पायलटचं. वय ३४, मूळ वेतन ३०,५००. पीएमईत (ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत) डोळ्यांत नापास, ए-१ या वैद्यकीय श्रेणीतून खालच्या सी-१ मध्ये येण्याची, म्हणजे डिकॅट होण्याची शक्यता. त्याला सांगितलंय, "प्रकृतीच्या कारणाने हलकं काम मिळावं असा विनंती अर्ज दे, काम लवकर होईल." दुसरं प्रकरण ट्रॅक मेंटेनरचं. वय ४०, ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युटीवर असताना अपघात, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दवाखान्यातून सुटी मिळाली, एप्रिल २०२५ पासून अर्धा पगार सुरू आहे आणि घरचे स्वेच्छानिवृत्तीचा विचार करताहेत. तिसरं प्रकरण एका महिला पॉइंट्समनचं (रुळांचे सांधे बदलणाऱ्या कर्मचारी). मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न, कार्डावर ६०% दिव्यांगत्व. बदलीच्या यादीत त्यांचं नाव आलंय.

मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी कुठल्याही शहरात आम्ही मोडत नाही, भत्त्यांचा हिशोब करताना तेवढं धरावं.

कार्मिक शाखा

पहिल्या प्रकरणातला विनंती अर्ज आधी थांबवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

रेल्वेच्या आस्थापना नियमपुस्तिकेतलं तेरावं प्रकरण डिकॅट झालेल्यांसाठीच आहे. दृष्टीच्या चाचणीत नापास झालेला कर्मचारी त्यात पहिल्याच परिच्छेदात येतो. त्याला लगेच कामावरून काढता येत नाही, दुसऱ्या योग्य पदावर घ्यावं लागतं आणि पद मिळेपर्यंत त्याच श्रेणीत सुपरन्यूमररी (मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावं लागतं. म्हणजे पगार चालू. रजेवर बसवून त्याची रजा खर्ची घालायची नाही. यासाठी ४०% चा दाखलाही लागत नाही, रेल्वे डॉक्टरांचं अनफिट प्रमाणपत्र पुरतं.

आता अर्जाचा धोका. पीएमईत नापास होऊन डिकॅट झालेल्याला नव्या केडरमध्ये सेवाज्येष्ठता देताना समकक्ष श्रेणीतली आधीची सेवा धरतात. पण "प्रकृतीच्या कारणाने काम बदलून द्या" असं स्वतः लिहून घेतलेलं पद विनंती बदलीसारखं धरलं जातं आणि सेवाज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. एका ओळीच्या फरकाने सगळी वर्षं जातात. पुढे बढतीची यादी लागते तेव्हा हे लक्षात येतं, आणि तेव्हा स्वतःच्या सहीचा कागद समोर ठेवला जातो. फाइलमध्ये पीएमईचा मेमो, अनफिट प्रमाणपत्र आणि त्यात लिहिलेली नवी वैद्यकीय श्रेणी एवढंच असू द्या.

पगाराचं असं. एएलपी (असिस्टंट लोको पायलट) हा रनिंग स्टाफ, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणारा, म्हणून स्थिर पदावर पगार बसवताना मूळ वेतनात ३०% वाढवून धरतात. ३०,५०० चे ३०% म्हणजे ९,१५०, एकूण ३९,६५०. समकक्ष पद कुठलं हे ठरवतानाही रनिंग भत्त्यातला वेतनाचा भाग धरायचा असतो. तो सोडला की माणूस एक पायरी खाली बसतो. दुसरं पद ठरवणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीपुढे जाताना हा आकडा लिहून न्या आणि आदेश हातात आला की आधी तोच तपासा. किलोमीटर भत्ता (गाडीवर धावलेल्या अंतराचा) मात्र बंद होणार, त्यामुळे दरमहा हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते. हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अनफिट ठरल्याच्या तारखेनंतर त्याला जुन्या पदाचं काम करू देण्याचा अधिकार कुठल्याही अधिकाऱ्याला नाही. "माणसं कमी आहेत, आजच्या दिवस शंटिंगला जा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पण ठाम नकार द्यायचा.

रुळाकडेला

ट्रॅक मेंटेनरबद्दल लिहितो. स्वेच्छानिवृत्तीचा विचार या घडीला पूर्ण बाजूला ठेवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०(४): सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना कर्मचाऱ्याला काढू शकत नाही की त्याचं पद खाली आणू शकत नाही. आधीच्या पदाला तो योग्य नसेल तर त्याच पगाराचं दुसरं पद, तेही नसेल तर सुपरन्यूमररी पद. १९९५ च्या कायद्यात हेच कलम ४७ होतं आणि कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केलं होतं. त्यातही सेवेत असताना पाय गमावलेलाच जवान होता, आणि त्याला इनव्हॅलिड पेन्शन (वैद्यकीय अपात्रतेची पेन्शन) मिळत होती म्हणून हा हक्क संपत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

अर्धा पगार का, तर ड्युटीवरच्या दुखापतीची रजा तशीच आखलेली आहे. दवाखान्यात असेपर्यंत पूर्ण पगार आणि भत्ते, सुटी मिळाल्यानंतर सहा महिने पूर्ण, त्यापुढे बारा महिने अर्धा. ऑक्टोबर ते एप्रिल, हिशोब जुळतो. अर्धवेतनी रजा शिल्लक असेल तर तेवढे दिवस खर्ची टाकून अर्ध्याचा पूर्ण पगार करून घेता येतो. अर्ज केल्याशिवाय तो आपोआप होत नाही. पण खरी अडचण वेगळी आहे. वैद्यकीय श्रेणी बदलल्याचं प्रमाणपत्र निघत नाही तोवर तो कागदोपत्री "आजारी" आहे, आणि आजारी आहे तोवर कलम २०(४) ची गाडी हलत नाही. बी-१ ला (ट्रॅक मेंटेनरच्या वैद्यकीय श्रेणीला) अनफिट आणि खालच्या श्रेणीला फिट, असं स्पष्ट प्रमाणपत्र मागा, लेखी मागा, पोच घ्या.

आता नुकसानभरपाई. पगार चालू आहे म्हणून ती मिळत नाही, हा समज चुकीचा. रक्कम अपघाताच्या दिवशीच्या कायद्याने ठरते, म्हणून इथे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३. वेतनाची मर्यादा दरमहा १५,०००, त्याचे ६०% म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात ४० वयाचा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. गुडघ्याखालचा पाय गेल्यास परिशिष्टात कमाईची क्षमता ५०% गेली असं धरलं आहे, म्हणून ८,२८,७६५ रुपये. (उरलेला भाग फार आखूड असेल तर टक्का वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर स्टंपची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली आहे का ते पाहा.) देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर त्यावर १२% व्याज. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२६. ती चुकवू नका.

हे सगळं उभं राहतं त्या दिवशीच्या कागदावर: सुपरवायझरने दिलेला इंज्युरी ऑन ड्युटीचा मेमो. त्यात वेळ, किलोमीटर आणि कोणतं काम चालू होतं हे हवं. नुसतं "पडून दुखापत" असं लिहिलेलं असेल तर गँगमधल्या दोघांचे जबाब आत्ताच लेखी घेऊन ठेवा. माणसं बदलून जातात, मग साक्षीला कुणी सापडत नाही.

यार्डवाला

दोघांचेही मनापासून आभार. अर्ज थांबवला आहे. ट्रॅक मेंटेनरच्या घरचे म्हणतात की त्याने निवृत्ती घेतली तर मुलाला नोकरी लागेल. त्यात काही तथ्य? आणि त्याला वाहतूक भत्ता दुप्पट मिळतो का?

कार्मिक शाखा

अनुकंपा नेमणूक हक्काने मिळत नाही, ती अटींवर मिळते. खालच्या श्रेणीला फिट असलेल्याच्या बाबतीत या अटी फार कडक आहेत. नोकरी आज सोडायची आणि मुलाची उद्या लागेल अशा आशेवर बसायचं, असं करू नका. हातातलं पद आधी घट्ट करा.

वाहतूक भत्ता दुप्पट मिळतो, दिव्यांगत्व ४०% किंवा जास्त असेल तर. त्याचं मूळ वेतन २४,२०० किंवा वर असेल तर तुमच्या ठिकाणचा दर १,८०० आणि त्यावर महागाई भत्ता. दुप्पट म्हणजे ३,६००. जुलै २०२५ पासूनच्या ५८% ने ते ५,६८८ होतात. वेतन कमी असेल तरी दिव्यांगांसाठी किमान २,२५० आणि महागाई भत्ता. यासाठी सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागप्रमुखाची शिफारस लागते. एक मात्र आहे, पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर असेल तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही. म्हणजे रुजू झाल्यावरच लाभ.

नव्या कर प्रणालीतही दिव्यांग कर्मचाऱ्याच्या वाहतूक भत्त्यातले दरमहा ३,२०० करमुक्त आहेत. महाराष्ट्रात व्यवसाय करातूनही सूट आहे, दाखला पगार बिल विभागात दिल्याशिवाय कपात थांबत नाही.

सिग्नलताई

तिसऱ्या प्रकरणातल्या ताईंसाठी. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या ८ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे दिव्यांग अपत्याची मुख्य काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट देता येते. त्यात स्वमग्नता आहे. प्रशासकीय अडचणीची अट आहे, म्हणून नुसतं "मुलगा आजारी" असं लिहून भागत नाही. अर्जाला मुलाचं दिव्यांग कार्ड, उपचार आणि थेरपी कुठे, आठवड्यातून किती वेळा चालते त्या केंद्राचं पत्र, शाळेचं पत्र आणि मुख्य काळजी मीच घेते असं स्वघोषणापत्र जोडा. बदली झाली तर नव्या गावात तशी सोय नाही, हे केंद्राचं नाव घेऊन लिहा. आणि अर्ज बदलीचा आदेश निघण्याआधी द्या. नंतर दिला तर तो "आदेश रद्द करा" असा होतो आणि ते फार जड जातं.

बालसंगोपन रजा एकूण ७३० दिवस. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८०%. एका वर्षात तीनदा, एका वेळी किमान पाच दिवस. एकल आई असेल तर सहादा. मुलाला ४०% किंवा जास्त दिव्यांगत्व असल्याने १८ वर्षांची अट नाही, म्हणून घाईने संपवू नका. बारावीच्या वयात थेरपी, शस्त्रक्रिया, प्रवेश सगळं एकदम येतं. या रजेत मधले रविवार आणि सुट्ट्या धरल्या जातात. मंजुरीआधी घरी बसलात तर गैरहजेरी लागते, हे महिला सहकाऱ्यांना सांगायला हवं.

बालशिक्षण भत्ता सर्वसाधारण मुलाला दरमहा २,८१२.५०, दिव्यांग मुलाला १ जानेवारी २०२४ पासून ५,६२५. आर्थिक वर्ष संपल्यावर शाळाप्रमुखाच्या दाखल्यावर एकदाच मागायचा. बऱ्याच जणांच्या बिलात साधाच दर लागतो, कारण मुलाचं दिव्यांग कार्ड नोंदीत चढलेलंच नसतं. मागची बिलं काढून बघा. मुलगा २१ ओलांडेल तेव्हा रेल्वे डॉक्टरांच्या दाखल्यावर तो रेल्वे प्रवासाच्या पासावर राहू शकतो. त्याचीही नोंद एचआरएमएसमधल्या (कर्मचाऱ्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीतल्या) कुटुंबाच्या तपशिलात लागेल.

रुळाकडेला

एक राहिलं. पद मिळालं म्हणजे काम संपत नाही. कृत्रिम पायाने आठ तास बसणाऱ्याला काय लागतं ते ऑफिसला आधी कळवा. खानदेशातल्या मे महिन्यात सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या कपात) घाम साठतो, स्टंप सुजतो, कातडी सोलते, आणि मग आठवडाभर पाय चढवता येत नाही. दुपारी पाय काढून पुसायला, मोजा बदलायला दाराची कडी लागेल अशी जागा हवी. दोन-तीन जादा मोजे टेबलाच्या खणात. पायऱ्यांच्या जागी उतार हवा, एक फूट उंचीला बारा फूट लांब. फळी टाकून केलेल्या उतारावरून माणूस घसरतो. शौचालयात धरायला दांडा आणि उंच भांडं. कायदा याला वाजवी सोय म्हणतो आणि ती देणं आस्थापनेवर बंधनकारक आहे. दिव्यांगत्वाशी संबंधित गरजांसाठी वर्षाला चार दिवस विशेष किरकोळ रजाही आहे.

कुठे अडलं तर प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. तक्रार नोंदवहीत चढवून क्रमांक घ्या, नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तोंडी सांगितलं तर हा काळ सुरूच होत नाही.

यार्डवाला

मेमो सापडला. किलोमीटर आणि वेळ आहे, कामाचा उल्लेख नाही. उद्या गँगमधल्या दोघांचे जबाब घेतो. शस्त्रक्रियेच्या कागदावर स्टंप १४ सेंटिमीटर लिहिला आहे, तो टक्का ५० च राहील ना?

रुळाकडेला

हो, स्टंप १२.७० सेंटिमीटरच्या वर गेला तरी ५० च आहे. जबाबांवर तारीख, पदनाम आणि पीएफ क्रमांक घालायला विसरू नका.