इंजिनचं काम सोडून मोटर शाफ्टकडे वळावं का?

भोसरीचा_टर्नर:
भोसरी एमआयडीसीत छोटा शॉप आहे. तीन सीएनसी आणि एक जुना सेंटरलेस ग्राइंडर. काम सगळं टू-व्हीलरच्या इंजिनचं: व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट. २२ सप्टेंबर २०२५ला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला, तेव्हापासून ऑर्डरचं शेड्यूल वाढतंच चाललंय. रात्रपाळीला ऑपरेटर मिळेना. आणि नेमकं आत्ताच, आमच्या पार्टीच्या (काम देणाऱ्या कंपनीच्या) परचेसवाल्यानं ई-स्कूटरच्या मोटर शाफ्टचं ड्रॉइंग हातात ठेवलं. बेअरिंग सीटला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेला, मापात फक्त सहा मायक्रॉनची (मिमीचे हजारावे भाग) सूट. म्हणजे नवा सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि बँकेचं कर्ज आलंच. बायको म्हणते, चाललंय ते काय वाईट आहे? पोरगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, त्याच्या लेखी पेट्रोल संपलं. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनीच सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान नको.

चाकणवाला:
दादा, आधी विचारा मोटर हब (चाकातच बसवलेली) आहे की मिड-ड्राइव्ह (चाकाबाहेर बसून गिअर-बेल्टनं चाक फिरवणारी). हब मोटरचा अ‍ॅक्सल फिरतच नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं आणि वायरी अ‍ॅक्सलमधून बाहेर येतात. ते काम बरंचसं टर्निंग-ड्रिलिंगचं. मिड-ड्राइव्हचा रोटर शाफ्ट मात्र जिवाला घोर लावतो. इंजिनच्या आवाजात बारीकसारीक दोष झाकला जायचा. इथे रनआउट (फिरताना शाफ्टचं डगमगणं) थोडा जास्त झाला की गिअरची शिट्टी थेट गिऱ्हाइकाच्या कानात, आणि लॉट परत आपल्या दारात.

दुसरं, मोजायचं कुठे? २० मिमीचा स्टीलचा शाफ्ट दहा डिग्रीनं तापला की दोन मायक्रॉनच्या वर फुगतो. तुमच्या सहातले दोन पत्र्याच्या शेडनंच खाल्ले! मे महिन्यात आमच्याकडे सकाळी पास झालेला माल दुपारी फेल व्हायचा. शेवटी एसी खोली बांधली, एअर गेज (हवेच्या दाबावर माप घेणारं यंत्र) घेतला. ग्राइंडरच्या कोटेशनमध्ये हा खर्च कोणी धरत नाही.

आणि शेड्यूल पक्कं समजू नका. एप्रिल २०२५मध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. मॅग्नेट नाही म्हणून मोटर अडली आणि माझे शाफ्ट तेल लावून ट्रेमध्ये पडून. हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर.

निवृत्त_क्यूए:
पोराचं अगदीच चूक नाही. १ एप्रिल २०२०ला प्रदूषणाचं बीएस-६ आलं, टू-व्हीलर कार्ब्युरेटर सोडून जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. नुसत्या कार्ब्युरेटरच्या पार्टवर बसलेल्यांना दुसरं काम शोधावं लागलं. पण जुलै २०२४मध्ये आपल्या पुण्यातच बजाजनं सीएनजीची फ्रीडम १२५ आणली. तिलाही व्हॉल्व्ह आहेत आणि गाइडही. इंजिन इतक्यात जात नाही. माझं मत विचाराल तर एक मशीन शाफ्टला द्या, बाकी दोन इंजिनवर चालू ठेवा. ग्राइंडर असा घ्या की उद्या गिअरबॉक्सचा शाफ्टही त्यावर बसेल. ईव्हीपुरतं खास फिक्स्चर (मशीनवर जॉब धरायची पकड) हवं असेल तर टूलिंगचे पैसे पार्टीकडून घ्या, नाहीतर हात जोडा.

मोशी_जॉबवर्क:
पेमेंटचं लिहून घ्या राव! उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवस. मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत पार्टीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा धरता येत नाही, २०२३-२४पासूनचा नियम आहे. आमच्या एका पार्टीनं हे ऐकल्यावर 'उद्यम नसलेल्या नावानं बिल करा' म्हणून सुचवलं. असल्यांपासून लांब.

भोसरीचा_टर्नर:
ड्रॉइंग पुन्हा पाहिलं, मिड-ड्राइव्हच आहे. एसी खोलीचा विचार डोक्यातच नव्हता. टूलिंगचं उद्या फोनवर विचारतो, काय म्हणतात बघू. चाकणवाले साहेब, एअर गेजचा मास्टर (गेज जुळवायचा प्रमाण तुकडा) तुम्ही किती महिन्यांनी कॅलिब्रेट करता? आणि गुरुवारी आमचा शॉप बंद असतो, तुमची खोली बघायला आलो तर चालेल का?