इबाता नावाचा जपानी शॉर्टस्टॉप (बेसबॉलमध्ये सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) कोणाला माहितीये का?

दादरकर_७७: मंडळी, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. भाच्याला शिवाजी पार्कला सोडायला गेलो होतो तर त्याच्या सरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, सेकंड बेसवाला धावत येऊन बॉल अडवतो आणि फेकतच नाही, तसाच बाजूच्याला टॉस करतो आणि तो बाजूचा फर्स्ट बेसला फेकून बॅटिंगवाल्याला आउट करतो. सर म्हणे तो फेकणारा इबाता, नंतर कोच झाला. पण थेट का नाही फेकला??

परळचा_पॉइंट: तो टॉस करणारा दुसरा म्हणजे मासाहिरो अराकी. चुनिची ड्रॅगन्स या जपानी क्लबची जोडी, तिकडे दोघांना मिळून 'अराइबा' म्हणायचे. अहो अराकी पळतोय फर्स्टपासून लांब, अख्खं अंग उलटीकडे, थांबून वळून फेकेपर्यंत रनर ९० फूट पळून फर्स्ट बेसवर पोचलेला असतो. समोरून येणाऱ्या इबाताचा मोहरा आधीच फर्स्टकडे, म्हणून त्याला द्यायचा. २००४ ते २००९ सलग सहा वर्षं दोघांनाही गोल्डन ग्लव्ह, म्हणजे बेस्ट फील्डरचं बक्षीस, उगाच नाही. आणि २०१० ला मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच) ओचिआईने काय करावं, दोघांच्या जागाच बदलून टाकल्या 😄 तरी लीग जिंकलेच.

लोकल_८_०२: सगळे फील्डिंगचंच कौतुक करतात राव. २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये (देशांची स्पर्धा) तैवानविरुद्ध नववी इनिंग, दोन आउट, जपान ३-२ ने मागे, जपानच्या तोरितानीने सेकंड बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पळून गाठला, आणि इबाताने हिट मारून मॅच बरोबरीत आणली. दहाव्यात ४-३ जिंकले. राइटी असून बॉल अंगावर येऊ देऊन राइट फील्डला ढकलायचा, आपण लेट खेळतो ना तसं. करिअर १९१२ हिट्सवर संपलं, २००० ला ८८ कमी, अराकीचे मात्र झाले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

परळचा_पॉइंट: हो ते राहिलंच. इबाता शेवटची दोन वर्षं जायंट्स या दुसऱ्या जपानी क्लबकडे खेळला, २०१५ ला रिटायर, मग तिथेच इनफील्ड कोच. २०२३ च्या ऑक्टोबरात थेट जपानच्या टीमचा मॅनेजर झाला. २०२४ ची प्रीमियर १२ (हीही देशांची स्पर्धा) फायनल तैवानकडूनच हरला, ४-०, तेही टोकियो डोममध्ये.

दादरकर_७७: भारी माहिती, थँक्स. काल बिल्डिंगखाली भाच्याबरोबर तो टॉस करून बघितला, बॉल थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत. आता पोराला ग्लव्ह पाहिजे आणि शॉर्टस्टॉपच व्हायचंय. कुठे मिळेल? डावखुरा आहे, डाव्या हाताने फेकतो.

लोकल_८_०२: धोबी तलावला विचारून बघा, ग्लव्ह उजव्या हातात घालायचा मागा. पण डावखुरा शॉर्टस्टॉप नसतोच हो, बॉल उचलून फर्स्टला फेकायला त्याला अख्खं वळावं लागतं. फर्स्ट बेसवर उभा करा. आणि काकूंना नवी कुंडी आणून द्या आधी.