प्रौढ बौद्धिक दिव्यांग भावाचे कायदेशीर पालकत्व आणि जमिनीतील हिस्सा – मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा असून जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. सिव्हिल सर्जनच्या जुन्या दाखल्यावर 'मतिमंदत्व ७५ टक्के' अशी नोंद आहे आणि युडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे ओळखपत्र) निघाले आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आई ७४ वर्षांची आहे आणि मी लग्नानंतर परगावी असते. गावाकडच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावे लागली आणि तेव्हापासून नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांची भावावरची माया एकाएकी वाढली.

मागच्या महिन्यात ते त्याला भजी खायला म्हणून तालुक्याला घेऊन गेले. संध्याकाळी त्याने आईला मोठ्या कौतुकाने सांगितले, की खुर्चीत बसवून फोटो काढला, लाल दिव्यावर बोट ठेवायला लावले आणि मी सही छान केली. सही त्याला खरोखरच येते. जिभेचे टोक दातांत धरून, एकेक अक्षर जुळवत तो नाव लिहितो आणि त्याचा त्याला फार अभिमान आहे. हे वर्णन मला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाचेच, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवतात तिथलेच, वाटले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून शोधले, तेव्हा हक्कसोडपत्राची नोंद सापडली नाही, तरी जिवाला स्वस्थता नाही.

मुलगा १८ वर्षांचा झाला की आई-वडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे आम्हाला इतक्या उशिरा, तेही एका बँकेच्या खिडकीवर कळले. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मला ही अट जाचक वाटत नाही, उलट तिचाच आधार वाटतो. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, ज्यात ठरावीक निर्णय ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यायचे असतात. भाऊ कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो आणि मिळालेल्या पैशांचे काय करायचे ते स्वतः ठरवतो. जमीन वाचवण्याच्या नादात त्याचे हेही ठरवणे काढून घ्यावे, असे मला वाटत नाही.

समितीकडून पालकत्व केवळ स्थावर मालमत्ता आणि बँक व्यवहार यांपुरते मागता येते का, आणि आदेशात तसे स्पष्ट लिहून मिळते का? २०१६ च्याच अधिनियमाच्या कलम ७ खाली शोषणाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याकडे तहसीलदारांकडे, करता येते असे दिसते. पण हाती दस्त नसताना केवळ भावाच्या सांगण्यावरून ती दाखल करावी, की आधी पालकत्वाचा आदेश मिळू द्यावा? उद्या हक्कसोडपत्र निघालेच, तर करार करण्याची त्याची क्षमता नव्हती या मुद्द्यावर ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दाव्याखेरीज मार्ग आहे का?

शेवटची अडचण माझीच आहे. त्याच जमिनीत मीही हिस्सेदार आहे. मी पालक झाले तर उद्या माझ्याकडेही त्याच संशयाने पाहिले जाईल आणि ते चूक म्हणता येणार नाही. अशा वेळी आईला पालक नेमून तिच्यानंतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेने पालक व्हावे, अशी व्यवस्था आत्ताच करता येते का? या समितीपुढे प्रत्यक्ष गेलेल्यांनी, विशेषतः भावंडांनी, आपला अनुभव कळवावा ही विनंती.