सणांच्या गावातल्या दोघी: बडोद्याच्या वाचकांचे अनुभव

दोन बायकांची प्रेमकथा, तीही बारा महिने नाताळ चालणाऱ्या छोट्या गावातली, आपल्यापैकी बऱ्याच जणींनी वाचली आहे. अशी गावं खरंच असतात. अलास्कातल्या नॉर्थ पोल गावात रस्त्यावरच्या दिव्यांचे खांबसुद्धा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. वाचताना स्वतःचं काय आठवलं, ते लिहा. नाव नको, राहता तो भाग पुरे.

दांडिया बाजार
विशीत तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलं. त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. नाटक थोरच आहे, पण माझ्या मनात एवढंच रुतलं, की आपलंही पुढे हेच व्हायचं. या कादंबरीत दोघी शिडीवर चढून दुकानाला दिव्यांची माळ लावतात, खालून म्हातारे ‘जरा डावीकडे’ म्हणून ओरडतात. एवढंच. तिथे मी रडले.

आमच्याकडे गौरी येतात तेव्हा ती दरवर्षी मदतीला असते. यंदा धाकटीच्या निऱ्या मी धरल्या होत्या, टाचण्या तिच्या ओठांत. आई पाटावरून सांगत होती, ‘पदर थोडा वर घ्या गं.’ दोघींना मिळून सांगत होती. आईला ती माझी मैत्रीण म्हणून ठाऊक आहे. नऊ वर्षं झाली.

सयाजीगंज
मला गोष्ट जरा जास्तच गोड वाटली. अख्ख्या गावात लग्नाचं विचारणारी एक आत्या नाही? आणि त्यासाठी बर्फ कशाला हवा? उत्तरायणाला गच्चीवर पतंग माझा असायचा, फिरकी तिच्या हातात. मी न सांगता ती ढील द्यायची. हे कोणीतरी मराठीत लिहा.

रावपुरा
मी आई आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली. त्या दिवशी तिसरी माळ. लेक चणियाचोळी घालून तशीच पलंगावर बसून राहिली, बाहेर गरब्याचा ढोल वाजत होता. काय बोलावं सुचेना, मी ताट झाकून ठेवलं.

पुढे तिनेच हे पुस्तक हातात दिलं. माझं इंग्रजी वाचन सावकाश, महिना लागला. सयाजीगंजच्या ताई, गोड होतं म्हणूनच शेवटपर्यंत वाचता आलं. दुःखाचं असतं तर मी भीतीने मिटून ठेवलं असतं. संपल्यावर लेकीला विचारलं, ‘तुझी ती फराळाला येईल का? चकलीत तिखट किती घालू तिच्यासाठी?’