जर्मनीला शिकायला जाताना काय माहीत नव्हतं? (अनुभव धागा)

सांगलीची मावशी
भाची येत्या ऑक्टोबरात केमनिट्झला मास्टर्सला चालली आहे. एपीएसचा (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा) दाखला आला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरले, आता व्हिसाच्या तारखेची वाट बघतोय. एजंट म्हणतो, "तिकडे फी नाही, निर्धास्त राहा." एजंटाने निर्धास्त राहा म्हटलं की माझी झोप उडते. तिथे राहिलेल्यांनी लिहा. विद्यापीठांची तुलना नको, ती गूगलवर भरपूर आहे. तुम्ही कुठे आपटलात ते सांगा.

श्टुटगार्टचा जुना पाहुणा
"फी नाही" हे राज्याराज्यावर आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. मला हे कळलं तोवर बाबांचं गावभर "फुकट शिक्षण" सांगून झालं होतं.
दुसरं, ते ११,९०४ तुमचेच असले तरी हातात महिन्याला ९९२ च येतात, तेही तिथे खातं उघडून सगळं सुरू झाल्यावर. घराची अनामत तीन महिन्यांच्या 'थंड' भाड्याइतकी (म्हणजे हीटिंग-पाण्याचे पैसे सोडून) मागू शकतात. पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे द्या तिच्याजवळ. मी नेले नव्हते. मित्राकडून ८०० युरो उसने घेतले, ते फिटायला मार्च उजाडला.

पत्रपेटी
आयडी उगाच नाही घेतलेला :)
तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो, नाव नसेल तर पत्र परत. मी एकाची खोली पोटभाड्याने घेतली होती आणि पेटीवर नाव त्याचंच. बँकेचा पिन परत गेला, विम्याचं पत्र परत गेलं. मी तीन आठवडे रोज रिकामी पेटी उघडून जर्मन टपालखात्याच्या नावाने बोटं मोडत होतो.
खरी गोची पुढेच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद करायची असते. त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. माझ्या पठ्ठ्याने मूळ मालकाला न विचारताच खोली दिलेली, तो सही कसली करतोय! नोंद नाही म्हणून टॅक्सचा नंबर नाही, नंबर नाही म्हणून कामावर पगार अडकला. व्हिसाही सुरुवातीला काही महिन्यांचाच असतो, पुढच्या परवान्यासाठी पुन्हा तीच नोंद. शेवटी डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, दुसरं घर शोधलं.
म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचं: "वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (म्हणजे तोच सहीचा कागद) देणार का?" भाचीकडून आत्तापासून घोकून घ्या. आणि खोली प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओवर पाहिल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका. "मी सध्या लंडनला आहे, चावी कुरियरने पाठवतो" म्हणणारा घरमालक भेटला की फोन ठेवायचा.
नोंद झाली की आठवणीने येणारं पहिलं पत्र रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं. टीव्ही नसला तरी घरामागे महिन्याला १८.३६ युरो. चौघे एका घरात असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याच्या शुल्कखात्याचा नंबर कळवायचा. आम्ही ते पत्र जाहिरात समजून टाकलं, मग थकबाकीचं आलं.

दोनदा नापास
हे लिहायला अजून जड जातं. आपल्याकडे केटी लागली की पुढच्या वेळी बसू, ही सवय. तिकडे बहुतेक ठिकाणी एका पेपराला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेलात की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. शिवाय परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तारीख चुकली की बसू देत नाहीत. कंट्रोल थिअरीत मी दोनदा गेलो. तिसऱ्या वेळेआधीचे दोन महिने घरी एकदाच फोन केला असेन. सुटलो, ४.० ने. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. आईला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "पाचातले चार? छान की!" मी काही बोललो नाही.

कोथरूड ते कासल
मी २०२२ मध्ये पोहोचले १ ऑक्टोबरला, शनिवारी रात्री. रविवारी दुकानं बंद. सोमवारी ३ ऑक्टोबर, जर्मन एकीकरण दिन, पुन्हा बंद! दोन दिवस दशम्या आणि लसणाची चटणी. तिकीट काढताना वार बघा.
आणि मावशी, तूप देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आजीने कढवलेलं तूप आणि पेढे माझ्यादेखत कस्टमवाल्याने कचऱ्याच्या डब्यात टाकले. गोडा मसाला मात्र त्याने हुंगला आणि परत दिला.

हिवी
थोडक्यात: कामाची मर्यादा मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे. खर्च त्यातूनच निघेल असं धरून कर्जाचा हिशेब मांडू नका. विद्यापीठातलं हिवीचं काम, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखालची मदतनिशी, मिळालं तर उत्तम. जर्मन भाषेच्या ए२ पातळीवर कॅफेत काम मिळेलसं वाटलं होतं, पण पहिल्याच गिऱ्हाईकाचं बोलणं कळेना. जमल्यास त्याच्या पुढची बी१ पातळी करूनच पाठवा.

सांगलीची मावशी
सगळ्यांचे आभार. तूप बॅगेच्या यादीतून खोडलं. भाची सकाळपासून "वोनुंग्सगेबर..." म्हणत घरभर फिरते आहे, आजोबा विचारतात कसला मंत्र आहे. एक राहिलंच, कुळथाचं पीठ चालेल का?

कोथरूड ते कासल
चालेल. मी दोन किलो नेलं होतं. पाकिटावर नाव लिहा फक्त, पिशवीत सुटं नको.